पाहुणे गेले, वस्तू राहिल्या

गौरी-गणपतींचं विसर्जन झालं, मुंबईकर मंडळी गाडीत बसली, की कोकणातल्या घरात पहिलं काम असतं गाद्या उचलण्याचं. गाद्या उचलल्या की खालून एक पायमोजा निघतो, मोबाइलची वायर निघते, केसांचे चिमटे निघतात, कुणाच्या तरी रक्तदाबाच्या गोळ्यांची अर्धी पट्टी निघते. दांडीवर ओला पंचा राहिलेला असतो. पडवीत दोन छत्र्या जास्तीच्या असतात. मे महिन्यात भाचरं येऊन गेली की हेच, लग्नघरात याच्या दसपट, आणि पुण्या-मुंबईच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्येसुद्धा भाऊबीजेनंतर निदान एक चार्जर मागे राहतोच.

या वस्तूंचं पुढे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ‘राहू दे, पुढच्या वेळी येतील तेव्हा देऊ’ असं म्हणून त्या कपाटाच्या वरच्या खणात जातात. वर्षभराने कुणाचं काय ते कुणालाच आठवत नाही. मग एखाद्या वहिनींना त्यांची शाल आपल्या अंगावर दिसते आणि त्या काही बोलत नाहीत, पण लक्षात ठेवतात. नात्यात कुरबुर होते ती बहुधा अशीच. म्हणून या सगळ्या खटाटोपात मला एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: वस्तू सापडली त्याच दिवशी मालकाला कळवायचं. परत कशी द्यायची, कधी द्यायची, हे सावकाश ठरवता येतं. कळवणं मात्र सावकाश करून चालत नाही.

त्याला कारणं आहेत. पाहुणा अजून वाटेत असतो. त्यांची गाडी चिपळूण सोडायच्या आत फोन गेला, तर दुपारी निघणाऱ्या काकांच्या गाडीतून वस्तू त्याच दिवशी मुंबईला पोचते. दुसरं म्हणजे तिकडे तोही शोधत असतो. रिक्षात राहिली की ट्रेनमध्ये, या विचाराने त्याचा जीव खालीवर होत असतो. आणि तिसरं, आज तुम्हाला आठवतं की चष्मा माजघरातल्या खिडकीत होता आणि तिथे अण्णा झोपले होते. पंधरा दिवसांनी तो फक्त ‘एक चष्मा’ असतो.

सापडलेल्या वस्तू ठेवायला घरात एकच जागा ठरवावी. एखादा रिकामा बिस्किटांचा डबा, कपाटाचा एक खण, काहीही चालेल, पण एकच. प्रत्येक वस्तू वेगळ्या पिशवीत घालून आत चिठ्ठी टाकावी: कधी सापडली, कुठे सापडली, त्या खोलीत कोण होतं. कपडा असेल तर आधी धुऊन कडकडीत वाळवा. पावसाळी दिवसांत कोकणात दमट कपडा पिशवीत बांधून ठेवला तर आठवड्यात त्यावर काळे ठिपके पडतात, आणि ते पुन्हा निघत नाहीत. चामड्याचं पाकीट किंवा पट्टा प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये. जुन्या सुती कापडात गुंडाळावा. रेशमी साडीची घडी मलमलीच्या कापडात ठेवावी, आणि डांबराच्या गोळ्या तिच्यावर थेट टाकू नयेत.

आता विचारायचं कसं? हल्लीची सवय म्हणजे फोटो काढायचा आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायचा: ‘हे कोणाचं?’ छत्री, डबा, लहान मुलाचा बूट, पाण्याची बाटली यांच्यासाठी ते उत्तम. पण औषधाची पट्टी, सिगारेटचं पाकीट, अंतर्वस्त्रं, डॉक्टरांची चिठ्ठी, बँकेचं पत्र असल्या गोष्टी ग्रुपवर टाकू नका. कोणत्या आत्याला कसल्या गोळ्या चालू आहेत हे चाळीस माणसांना कळायचं कारण नाही. अशा वेळी ज्यांचं असण्याची शक्यता आहे त्यांना वेगळा फोन करावा. सिगारेटच्या पाकिटाबद्दल तर माझं मत असं आहे की कुणालाच फोन करू नये.

लग्नाच्या घरात सोन्याची वस्तू सापडली तर फोटो अजिबात टाकू नका. ‘एक कानातलं सापडलंय, कुणाचं हरवलं असेल तर सांगा’ एवढंच लिहा. घडण कशी, फिरकी कोणती, कुठे ठेवल्याचं आठवतं, हे समोरच्याने सांगू दे. घरातल्या माणसांवर अविश्वास म्हणून हे करायचं नाही. एकाच पेढीवरून घेतलेली एकसारखी कानातली चार जणींकडे असतात, आणि चुकीच्या हातात गेलेलं कानातलं परत मागणं फार अवघड जातं.

उलटा प्रसंगही येतो, आणि तो जास्त नाजूक असतो. पाहुण्याचा फोन येतो, ‘माझी अंगठी तिथे राहिली का बघा.’ तुम्ही बघता, सापडत नाही. अशा वेळी घरातल्या कुणाच्या तरी तोंडून कामाला येणाऱ्या मावशींचं नाव निघतं. ते निघण्याआधी पुढच्या जागा स्वतः पाहा. स्वयंपाकघराच्या ओट्यामागची खिडकी आणि मसाल्यांच्या डब्याशेजारची फळी आधी बघा, कारण कणीक मळताना बायका अंगठी काढून तिथे ठेवतात. कणकेचा डबाही चाळून घ्या. देवघराचा कट्टा पाहा. न्हाणीघरात साबणाच्या खाचेत, गीझरच्या वर आणि दारामागच्या हुकावर पाहा. गीझरवर ठेवलेली वस्तू खालून दिसतच नाही, स्टुलावर चढावं लागतं. पुढून उघडणारं कपडे धुण्याचं मशीन असेल तर दाराच्या रबराची घडी बोटाने उलटी करून पूर्ण फिरवून बघा. तिथे नाणी, पिना, कानातल्यांच्या फिरक्या सर्रास सापडतात. त्याच मशीनच्या खालच्या कोपऱ्यात गाळणीचं झाकण असतं. खाली ताट ठेवून ते उघडा, पाणी येतंच. बेसिनमध्ये पडल्याची शंका असेल तर नळ सोडू नका. बेसिनखाली वाटीसारखा किंवा बाटलीसारखा भाग असतो. त्यात पाणी साठून राहतं आणि जड वस्तू तिथेच बसते. खाली बादली ठेवून तो हाताने फिरवला की निघतो. सोफ्याची फट, गादीच्या अभ्र्याची आतली बाजू आणि गाद्यांबरोबर चुकून घडी घातलेल्या चादरी या शेवटच्या.

एवढं झाल्यावरही सापडली नाही, तर पाहुण्याला तसं स्पष्ट सांगा: इथे इथे पाहिलं, नाही सापडली, पुढेही लक्ष ठेवतो. मावशींना विचारायचंच असेल तर ‘अंगठी हरवलीय, झाडताना लक्ष ठेवा’ अशा शब्दांत विचारा. संशय एकदा बोलून दाखवला की वस्तू सापडल्यावरही तो परत घेता येत नाही.

काही वस्तूंच्या बाबतीत दोन दिवससुद्धा थांबू नये. औषधं त्यातली पहिली. पाहुणा मधुमेही असेल आणि इन्सुलिन राहिलं असेल तर आधी फोन, मग बाकीचं. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवतात. वापरायला काढलेलं पेन बहुतेक प्रकारांत सुमारे चार आठवडे घरच्या तापमानाला चालतं, मात्र ऊन आणि उकाडा नको. बर्फाच्या कप्प्यात मात्र ते चुकूनही ठेवू नका. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला ठीक दिसलं तरी वापरायचं नसतं. गोळ्या राहिल्या असतील तर त्या पाठवत बसण्यापेक्षा पट्टीच्या दोन्ही बाजूंचा नीट फोटो पाठवा. नाव आणि मात्रा दिसली की पाहुण्याला त्याच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तिकडच्या औषधाच्या दुकानात तासाभरात मिळू शकतात. आणि त्या उरलेल्या गोळ्या ‘मलाही हीच चालू आहे’ म्हणून आपण घेऊ नयेत.

कवळी राहिली तर हसू येतं, पण ती ज्याची आहे त्याचं जेवण अडलेलं असतं. ती कोरडी ठेवली तर तिचा आकार बिघडू शकतो, म्हणून साध्या गार पाण्यात बुडवून, झाकणाच्या डब्यात ठेवा. गरम पाणी नको. श्रवणयंत्राचं याच्या बरोबर उलटं: त्याला ओल चालत नाही. बॅटरी काढून यंत्र कोरड्या डबीत ठेवा. नव्या बुटांच्या खोक्यात येते ती सिलिका जेलची पुडी सोबत टाकली तर उत्तम.

मोबाइल राहिला तर एक गंमत असते. ज्याला कळवायचं त्याचाच फोन आपल्या हातात असतो! तो चार्जिंगला लावा आणि त्यावर अनोळखी नंबरवरून फोन आला तरी उचला. बहुतेक वेळा मालकच दुसऱ्याच्या फोनवरून बोलत असतो. मात्र तोच फोन करून ‘स्क्रीनवर आलेला ओटीपी वाचून दाखव’ असं म्हणाला, तर आवाज ओळखल्याशिवाय आकडा सांगायचा नाही. डेबिट कार्ड राहिलं असेल तर पाहुण्याला ते बँकेच्या ॲपवरून तात्पुरतं बंद करायला सांगा. कार्ड हातात पडलं की पुन्हा चालू करता येतं. वाहन परवाना राहिला तर फार घाबरायचं कारण नाही, डिजिलॉकरमधली प्रत वाटेत दाखवता येते. पासपोर्ट मात्र कुणाच्या खिशातून पाठवू नका. तो स्पीड पोस्टाने जाऊ दे. पूर्वी अशी कागदपत्रं आपण रजिस्टरने पाठवायचो. २०२५ मध्ये देशांतर्गत रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं आहे, त्यामुळे खिडकीवर वेगळं काही मागायला नको. पावती सांभाळा आणि तिच्यावरचा क्रमांक लगेच पाहुण्याला पाठवा.

पैसे सापडले तर? उशीखाली पाचशेच्या चार नोटा निघाल्या तर फोन करा, आणि त्यांचेच आहेत असं ठरलं की तेवढी रक्कम यूपीआयने पाठवून नोटा आपल्याकडे ठेवा. विषय तिथेच संपतो. फक्त आधी हे पाहा की ते पैसे विसरलेलेच आहेत. आपल्याकडे आजी-मावशा नातवंडांसाठी मुद्दाम उशीखाली ठेवून जातात, आणि ते परत पाठवले तर रागावतात.

बाकीच्या वस्तू पाठवण्याचा आपला जुना आणि अजूनही सर्वांत चांगला मार्ग म्हणजे ‘कुणाबरोबर तरी’. गावातून मुंबईला जाणारं माणूस सतत असतं, ट्रॅव्हल्सचे ड्रायव्हरही ठरलेल्या थांब्यापर्यंत पिशवी नेतात. त्यांना द्यायची वस्तू उघडी दाखवून मगच बांधावी. आपण काय नेतोय हे नेणाऱ्याला कळलं पाहिजे. विमानाने जाणाऱ्याकडे पॉवर बँक देणार असाल तर ती हातातल्या बॅगेतच ठेवायला सांगा, खाली जाणाऱ्या सामानात तिला परवानगी नसते. शहरातल्या शहरात पार्सल नेणारी ॲपं आहेत, छत्रीपासून डब्यापर्यंत काहीही जातं. सोनं मात्र त्यांच्या हाती देऊ नका. ते घरच्या माणसाने स्वतः नेऊन द्यावं आणि ‘मिळालं’ असा मेसेज मागून घ्यावा, मग ती सख्खी बहीण का असेना. पाठवण्याचा खर्च कुणाचा? पन्नास-शंभर रुपये असतील तर यजमानाने गुपचूप भरावेत. त्याहून जास्त होणार असेल तर पाठवण्याआधी ‘कुरिअरला एवढे पडतील, पाठवू का थांबू?’ असं विचारावं. बऱ्याचदा ‘थांबा’ असंच उत्तर येतं, कारण वस्तूपेक्षा कुरिअर महाग असतं.

परदेशातून आलेल्या मंडळींच्या वस्तूंचं एक वेगळं आहे. अमेरिकेतली पुतणी हेअर ड्रायर विसरून गेली आणि ‘काकू, तुम्हीच वापरा’ म्हणाली, तर वापरण्याआधी त्याच्या दांड्यावरची बारीक अक्षरं वाचा. तिकडे घरची वीज १२० व्होल्टची असते, आपल्याकडे २३० ची. नुसतं ‘१२० व्होल्ट’ असं लिहिलेलं यंत्र आपल्या बटणाला लावलं की जळतं, कधी कधी ठिणगीसकट. पिनांचा आकार बदलणारा छोटा जोड व्होल्टेज बदलत नाही. मोबाइल-लॅपटॉपच्या चार्जरवर बहुधा ‘१०० ते २४०’ असं लिहिलेलं असतं, ते चालतात.

डब्यांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण राहणाऱ्या वस्तूंत सर्वांत जास्त संख्या त्यांचीच. चकल्यांचा डबा येतो, चकल्या संपतात, डबा राहतो. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालण्याची पद्धत आहे ती याचसाठी, पण नाव वाचून फसगतही होते. लग्नातल्या आहेराच्या डब्यावर नाव असतं आहेर देणाऱ्याचं. ‘अमुक तमुक यांजकडून सप्रेम भेट’ आणि खाली १९८७ सालची तारीख. तो डबा आता त्या अमुक तमुकांचा नसतो, ज्यांना भेट मिळाली त्यांचा असतो, आणि तो तुमच्याकडे त्यांच्या जावेच्या हातून आलेला असतो. तेव्हा वरचं नाव वाचून भलत्याच घरी डबा पोचवू नका. त्या तारखेला कुणाचं लग्न होतं, हे घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारा. उत्तर लगेच मिळतं. परत देताना डबा रिकामा द्यायचा नाही हे सांगायला नकोच, पण पाठवायला नेमकं काही नाही म्हणून डबा महिनोन्महिने अडकून पडतो, तेही बरं नव्हे. वाटीभर साखर पुरते.

आतापर्यंतच्या झाल्या विसरलेल्या वस्तू. काही ठेवलेल्या असतात. शिकायला राहिलेला भाचा नोकरी लागून बंगळुरूला जातो आणि त्याची ट्रंक, अभियांत्रिकीची पुस्तकं, स्कूटर मामाच्या घरी राहते. कुणाच्या दोन सुटकेसा ‘जर्मनीहून आल्यावर नेऊ’ म्हणून माळ्यावर चढतात. इथे भीड सोडून तारीख ठरवून घ्यावी, आणि ती ठरवण्याची वेळ वस्तू ठेवतानाची. ‘दिवाळीपर्यंत ठेवतो, नंतर तू कुठे हलवणार ते सांग,’ एवढं वाक्य व्हॉट्सॲपवर लिहून पाठवावं. तोंडी बोलणं दोघंही वेगवेगळं आठवतात. बंद बॅग मालकाच्या परवानगीशिवाय उघडू नये. वास येतोय, वाळवी लागलीय म्हणून उघडावीच लागली तर आधी फोन करावा, घरातल्या दोघांनी मिळून उघडावी आणि मोबाइलवर चित्रीकरण करावं.

स्कूटरचं तर नीटच बघा. तृतीय पक्षाचा विमा कायद्याने सक्तीचा आहे, आणि मालक दुसऱ्या गावी असला की विमा व पीयूसी कधी संपले ते कुणाच्या लक्षात येत नाही. शेजारचा मुलगा ‘जरा दूध आणतो’ म्हणून ती घेऊन गेला आणि काही झालं, तर तुम्ही, भाचा आणि शेजारी तिघंही अडकाल. विमा चालू नसेल तर किल्ली कपाटात.

कायदा काय म्हणतो, असं कुणी ना कुणी विचारतंच. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं ७१ वं कलम सांगतं की दुसऱ्याची सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर, विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी असते. म्हणजे शहाणा माणूस आपल्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यायची. विकण्याची मुभा १६९ व्या कलमात आहे, पण अगदी अरुंद: वस्तू सहसा बाजारात विकली जाणारी हवी, रीतसर शोधूनही मालक सापडलेला नसावा किंवा त्याने सांभाळण्याचा रास्त खर्च द्यायला नकार दिलेला असावा, आणि शिवाय वस्तू नासण्याच्या बेतात असावी किंवा तो खर्च तिच्या किमतीच्या दोन तृतीयांशांपर्यंत गेलेला असावा. भाच्याच्या ट्रंकेला यातलं काही लागू पडणं कठीण. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३१४ व्या कलमाने (जुन्या दंड संहितेतलं ४०३) दुसऱ्याची वस्तू अप्रामाणिकपणे गिळंकृत करणं हा गुन्हा आहे. परत देण्यासाठी जपून ठेवणं हा अर्थातच गुन्हा नाही. मालक माहीत असताना, किंवा शोधायचा प्रयत्न न करता, वस्तू वापरायला काढणं मात्र त्यात बसतं. घरच्या पाहुण्यांत कुणी कलमं काढू नयेत, पण ‘आमच्या घरात राहिली म्हणजे आमची’ हा समज निराधार आहे एवढं त्यातून कळतं.

मधल्या काळात पाहुणा वारला, असंही होतं. त्यांची काठी, चष्म्याचं घर, वाचायला आणलेलं पुस्तक तुमच्याकडे असतं. ते दिवसकार्याच्या गर्दीत नेऊन देऊ नका आणि परस्पर टाकूही नका. महिना-दोन महिने जाऊ देत, मग मुलाला किंवा मुलीला फोन करून विचारा. काहींना ती काठी हवी असते, काही म्हणतात तुमच्याकडेच राहू दे. जे उत्तर मिळेल ते लगेच मान्य करावं, आग्रह करू नये.

एवढं करूनही मालक न सापडलेल्या किंवा ‘ठेवा हो, नको आता’ असं उत्तर आलेल्या वस्तू उरतातच. त्यांच्यासाठी मी वर्षाची मुदत धरते, म्हणजे सगळे सण एकदा होऊन जातात आणि सगळे पाहुणे एकदा येऊन जातात. त्यानंतर छत्री घरात वापरायला काढावी. बरे कपडे ‘गूंज’सारख्या संस्थेला द्यावेत. त्यांनाही धुतलेले, धड कपडेच हवे असतात. चष्मे अनेक ठिकाणी लायन्स क्लब गोळा करतात. तुटक्या वायरी आणि चार्जर ई-कचऱ्यात. बोहारणीला मात्र पाहुण्यांची साडी विचारल्याशिवाय देऊ नका, वर्ष उलटलं तरी. तिच्या बदल्यात आलेलं पातेलं पुढच्या गणपतीत त्याच पाहुण्यांच्या पानात आमटी वाढायला येईल आणि कुठून आणलं ते सांगताना पंचाईत होईल.

पाहुणे निघताना हातावर दही घालण्याच्या आधी त्यांच्यासोबत घरातून एक फेरी मारली तर यातलं निम्मं काम वाचतं. सगळे प्लग बघायचे, फ्रिजचं दार उघडायचं, न्हाणीघराच्या दारामागे बघायचं, आणि लहान मुलांना विचारायचं, कारण बाहुली कुठे झोपवलीय हे फक्त त्यांनाच माहीत असतं. आपल्या घरच्या चार्जरांना लाल दोरा बांधून ठेवावा. त्यामुळे मागे राहिलेला कोणता ते कळतं, आणि आपला त्यांच्या बॅगेतून डोंबिवलीला गेला असेल तर तोही ओळखू येतो.